खोलीच्या मापाचा अ‍ॅम्प

सेलेस्टियन कंपनीचा व्हिंटेज थर्टी हा स्पीकर जगभरच्या गिटार अ‍ॅम्पमध्ये बसवलेला दिसतो. त्याच्या माहितीपत्रकात एक आकडा छापलेला असतो : संवेदनशीलता १०० डेसिबल. म्हणजे त्याला फक्त एक वॅट दिला आणि एक मीटरवर उभं राहून मोजलं, तर १०० डेसिबल आवाज भरतो. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. डेसिबलची मोजणी साध्या बेरजेची नसते. दर १० डेसिबलला शक्ती दहापट होते. १०० आणि ४५ यांत ५५चं अंतर. म्हणजे त्या एका वॅटचेही तीन लाख भाग करायचे आणि त्यातला एक वापरायचा. भिंती त्यातला बराच आवाज अडवतात हे धरलं, तरी घरात मोठ्या वॅटची गरज उरत नाही.

गिटारसाठी अ‍ॅम्प कोणता घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी हे आकडे सांगतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा ५० वॅट, १०० वॅट, निदान ४० वॅट असतात आणि राहायला दोन खोल्यांचा फ्लॅट असतो. मीही तसाच चाळीस वॅटचा ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा, अ‍ॅम्प घेतला होता. दुकानात मोठ्या दालनात तो मला ऐकवला गेला, छाती दणाणली आणि मी पैसे मोजले. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर तो आला तेव्हा कळलं, की आवाजाचा नॉब एकच्या पुढे गेला की खालच्या आजी वर येतात. त्यांचं चुकत नव्हतं. दोन वर्षं तो अ‍ॅम्प मी एकच्या आत वाजवला. तिथे त्याचा आवाज बोथट, कोरडा, जीव नसल्यासारखा येई, आणि मला वाटे की माझाच हात अजून बसलेला नाही.

माझं म्हणणं असं आहे, की अ‍ॅम्प निवडताना पहिला प्रश्न खोलीचा असतो. ब्रँडचा, व्हॉल्व्हचा किंवा किमतीचा नंतर. आपल्या शहरांतल्या खोल्या पाहिल्या तर बहुतेक वादकांसाठी संगणकावरचा, म्हणजे सॉफ्टवेअरने घडवलेला अ‍ॅम्प हाच योग्य अ‍ॅम्प आहे. पैसे कमी पडले म्हणून पत्करलेली ती तडजोड आहे, असं मी मानत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : पण तो खरा नाही ना? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण तो आवाजावर मनापासून प्रेम करणाऱ्यांकडून येतो. त्याला उत्तर द्यायचं तर अ‍ॅम्प नेमकं काय करतो तिथपासून सुरुवात करावी लागते.

घरातल्या म्युझिक सिस्टीमच्या अ‍ॅम्पकडून आपली एकच अपेक्षा असते, की आहे तो आवाज तसाच मोठा कर. गिटारचा अ‍ॅम्प आवाज बदलतो, आणि बदलतो म्हणूनच तो हवा असतो. आपल्याकडे हे समजायला सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे तंबोऱ्याची जवारी. घोडीच्या सपाट पाठीवर तार टेकते, तिच्याखाली दोरा सरकवून नेमकी जागा सापडली की तीच तार अचानक उमलते, आणि खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार बोलू लागतो. तारेने काही नवीन केलेलं नसतं. घोडीने तिला मोकळेपणाने थरथरू दिलेलं नसतं, आणि त्या अडवणुकीतून उपस्वर फुटतात. व्हॉल्व्ह हेच विजेच्या लहरीला करतो. तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या पिकअपमधून आलेली लहर त्याच्या कुवतीपेक्षा मोठी झाली की तिचे माथे दबतात. हे दबणं एकदम कापल्यासारखं नसतं, हळूहळू होतं. माथे दबले की मूळ स्वरात नसलेले किंवा पुसट असलेले उपस्वर वर येतात : तिसरा, जो पंचम असतो, आणि पाचवा, जो गंधार असतो.

रॉकमधली गिटार षड्ज-पंचमाच्या जोडीवर का उभी आहे, याचं उत्तरही इथेच मिळतं. या दोन स्वरांच्या कंपनसंख्यांचं प्रमाण २:३. लहरींचे माथे दबले की त्या दोघांच्या वजाबाकीचा, म्हणजे १चा, स्वर तयार होतो आणि तो षड्जाच्या एक सप्तक खाली असतो. दोन तारा छेडल्या आणि खालून कुणीतरी खर्ज धरला, असं ऐकू येतं. याच जोडीत आपण हाताने गंधार घातला की आवाज गढूळ होतो. गिटारचे पडदे समान अंतरांच्या सप्तकावर बसवलेले आहेत, त्यांचा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा, आणि अ‍ॅम्पमध्ये ते दोघे एकमेकांवर घासतात. मिरजेच्या तंबोरे घडवणाऱ्या कारागिराला हे सांगितलं तर त्याला त्यात नवल वाटणार नाही.

तेव्हा अ‍ॅम्प ही गिटारची जवारी आहे. ती वाद्याचाच भाग आहे. आणि जवारी जशी एका ठराविक जागीच लागते, तसा व्हॉल्व्हही एका ठराविक भरावरच बोलतो. माझा चाळीस वॅटचा अ‍ॅम्प एकच्या आत कोरडा वाजायचा, कारण त्याचे पॉवर व्हॉल्व्ह त्या जागेपर्यंत कधी पोचतच नव्हते. तो खरा होता, महाग होता आणि त्याची जवारी बंद होती.

आता खरेपणाकडे येऊ. ज्याला आज अस्सल मानतात तो आवाज कसा जन्मला? कॅलिफोर्नियातल्या फेंडर कंपनीने बासमन नावाचा अ‍ॅम्प बेस गिटारसाठी काढला. १९५९च्या रचनेत त्याला १० इंची चार स्पीकर होते. बेसवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनीच तो उचलला. पश्चिम लंडनमध्ये हॅनवेल इथे जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. ते स्वतः ड्रम वाजवत आणि शिकवत. अमेरिकन अ‍ॅम्प इंग्लंडात फार महाग पडत, म्हणून १९६२ साली त्यांच्याकडच्या केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी बासमनचा नकाशा समोर ठेवून इंग्लंडात मिळणाऱ्या भागांतून तसाच एक बांधला. व्हॉल्व्ह वेगळे, ट्रान्सफॉर्मर वेगळा, सेलेस्टियनचे १२ इंची स्पीकर आणि मागून बंद पेटी. तो जेटीएम ४५. नक्कल करायला गेले आणि वेगळाच आवाज निघाला, ज्याच्या मागे पुढची साठ वर्षं जग धावलं. १९६४ साली द किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी आपल्या छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला आणि त्या फाटक्या घरघरीवर गाणं ध्वनिमुद्रित केलं. गिटारच्या आवाजाचा इतिहास नकला, मोडतोड आणि हाती मिळेल त्यावर भागवणं यांनी भरलेला आहे. त्यात शुद्ध मूळ शोधणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

आणि १०० वॅट? तो आकडा १९६५च्या आसपास द हू सारख्या बँडच्या गरजेतून आला. तेव्हा सभागृहांतली ध्वनिव्यवस्था गायकाच्या आवाजापुरती असे, तीही तुटपुंजी. गिटारला आख्खा हॉल स्वतःच्या अ‍ॅम्पवर भरावा लागे. आज स्टेजवर स्पीकरसमोर माइक लावतात आणि हॉल भरायचं काम मोठी यंत्रणा करते. ज्या अडचणीसाठी १०० वॅट निघाले ती अडचण संपून बराच काळ झाला. शिवाय दहापट शक्ती दिली की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे १०० वॅटचा अ‍ॅम्प १० वॅटच्या दुप्पटच मोठा. वॅटचे पैसे मोजताना हे माहीत असावं.

मुंबईत धोबी तलावाजवळ रंगभवन होतं. इंडिपेंडन्स रॉक या संगीत महोत्सवाच्या रात्री तिथे झाल्या, आणि त्या पिढीतल्या कित्येकांनी मोठ्या आवाजातली गिटार पहिल्यांदा तिथेच ऐकली. आसपास रुग्णालयं आहेत. शांतता क्षेत्राचा नियम लागला आणि त्या रात्री थांबल्या. मला त्याचं दुःख आहे, आणि तरी तो नियम बरोबर आहे असंच मी म्हणेन. खाटेवर पडलेल्या माणसाची झोप माझ्या गाण्याइतकीच मोलाची. दाट वस्तीच्या शहरात वाजवायचं, तर आवाज आणि मोठेपणा या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या पाहिजेत. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. संगणकाने त्या सोडवल्या. त्याचं खरं काम मला हे वाटतं.

सोडवल्या कशा? सुरुवातीला सर्किटमधला प्रत्येक भाग गणिताने मांडण्याचा मार्ग होता. लाइन सिक्स कंपनीने १९९८ साली पॉड नावाचा लाल, मूत्रपिंडाच्या आकाराचा डबा काढला आणि घराघरात ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या टेबलांवर तो बसला. नंतर जर्मनीतल्या केम्पर कंपनीने दुसरी वाट धरली : खऱ्या अ‍ॅम्पमध्ये चाचणीचे आवाज सोडायचे, बाहेर काय येतं ते पाहायचं आणि त्यावरून त्याची प्रतिकृती बांधायची. आता न्यूरल नेटवर्क हेच काम करतं. काही मिनिटांचा गिटारचा आवाज अ‍ॅम्पमधून जाऊ द्यायचा, आत गेलेलं आणि बाहेर आलेलं दोन्ही नेटवर्कपुढे ठेवायचं, आणि आत काय गेलं की बाहेर काय येतं याचा अंदाज अचूक येईपर्यंत त्याला शिकवायचं. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर नावाचं असं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. त्यावर उतरवलेला एखादा चांगला अ‍ॅम्प आणि मूळ अ‍ॅम्प मी डोळे मिटून ऐकले आहेत. मला फरक सांगता आला नाही.

मात्र उतरवलेला असा अ‍ॅम्प बहुतेक वेळा छायाचित्रासारखा असतो. ज्या क्षणी नॉब जिथे होते, तिथलाच तो आवाज. स्पर्शाला तो दाद देतो. हलकं छेडलं तर स्वच्छ, जोरात छेडलं तर घुरघुर, गिटारवरचा आवाजाचा नॉब मागे घेतला की पुन्हा स्वच्छ. मी कोणताही अ‍ॅम्प, लाकडी पेटीतला किंवा लॅपटॉपवरचा, आधी याच कसोटीवर घासतो. गेनचा नॉब, म्हणजे आत आलेली लहर किती वाढवायची तो, साधारण मध्यावर ठेवायचा, एकच तार घ्यायची, आणि फक्त उजव्या हाताच्या जोराने तो आवाज फाटू लागेल त्या काठावर आणायचा. काठ रुंद आणि गुळगुळीत असेल तर तो अ‍ॅम्प आपल्याशी बोलणार. काठच नसेल, एका बाजूला स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूला एकदम करकर, तर दिसायला तो कितीही देखणा असो, मला नको.

संगणकाच्या बाजूने एवढं बोलल्यावर त्याला न जमणाऱ्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. गिटार आणि स्पीकर समोरासमोर असले की स्पीकरमधली हवा तारांना पुन्हा हलवते. स्वर विझायच्या ऐवजी तरंगत राहतो, कधी वरच्या उपस्वरात चढतो. वादक एक पाऊल पुढे सरकतो आणि तो स्वर बदलतो. हे वर्तुळ हेडफोनमध्ये पूर्ण होत नाही. दुसरी गोष्ट अधिक फसवी. संगणकावरच्या अशा मॉडेलमध्ये आपण जो आवाज ऐकतो तो खोलीतल्या अ‍ॅम्पचा नसतो. स्पीकरच्या कागदाला जवळजवळ चिकटवलेल्या माइकचा असतो. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर येऊच देत नाही, म्हणून त्याच्याशिवाय नुसत्या अ‍ॅम्पचा आवाज डासासारखा लागतो. स्पीकर आणि माइकची ही करामत इम्पल्स रिस्पॉन्स नावाच्या छोट्याशा फाइलमध्ये टिपलेली असते. पहिल्यांदा लॅपटॉपवर वाजवणारा म्हणतो, हा माझ्या अ‍ॅम्पसारखा वाटत नाही. बरोबर आहे. तो त्याच्या आवडत्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणासारखा वाटतो. अ‍ॅम्पच्या बाजूला उभं राहून ऐकणारा कान आणि नोंदवलेलं ऐकणारा कान वेगळे असतात, आणि हे कळायला मला वर्ष लागलं. पुष्कळांना आवाज आवडत नाही तेव्हा ते अ‍ॅम्पचं मॉडेल बदलत राहतात. बदलायची असते ती ही स्पीकरची फाइल. माझा अनुभव विचाराल तर अ‍ॅम्पपेक्षा तिनेच जास्त फरक पडतो.

कानाबद्दल आणखी एक. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवलं, की आवाज लहान असला की कानाला खर्ज आणि तार दोन्ही टोकं कमी ऐकू येतात, मधलं जास्त. रात्री घरी हळू आवाजात बसलेला वादक म्हणून खर्ज वाढवतो, वरचं वाढवतो, मधलं काढून टाकतो. छान, भरीव वाटतं. तोच आवाज घेऊन तो बँडबरोबर मोठ्याने वाजवतो आणि गिटार नाहीशी होते. खाली बेसने गिळली, वर झांजांनी. गिटारचं घर मधल्या पट्टीत आहे. हे खऱ्या अ‍ॅम्पलाही लागू आहे, पण लॅपटॉपवाल्याच्या अंगाशी जास्त येतं, कारण तो नेहमीच हळू ऐकतो.

आता पैसे कशावर घालायचे. पहिली दोन वर्षं मी गिटारची वायर एका जोडणीने लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालत होतो आणि सॉफ्टवेअरला दोष देत होतो. पिकअपला समोरून फार कमी ओढणारं इनपुट लागतं, साधारण एक मेगाओहमचं. माइकच्या किंवा साध्या लाइनच्या इनपुटला जोडलं की वरचे स्वर मरतात, आणि नंतर कोणतंही मॉडेल ते परत आणू शकत नाही. गिटार संगणकाला जोडणारा, तिच्यासाठी वेगळं इनपुट असलेला एक साधा ऑडिओ इंटरफेस या सगळ्या खर्चात सगळ्यात आधी यावा. त्याचा गेन एवढा, की सर्वांत जोरात छेडल्यावरही लाल दिवा लागू नये. फार कमी ठेवला तर मॉडेलला हवा तो भर मिळत नाही आणि अ‍ॅम्पची जवारी पुन्हा बंदच राहते.

तार छेडल्यापासून आवाज कानी पडेपर्यंतच्या उशिराची तक्रार फार ऐकू येते. आकडे पाहू. सेकंदाला ४८ हजार नमुन्यांच्या गतीला १२८ नमुन्यांचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो गठ्ठा) म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, जाण्यायेण्याचे दोन आणि वर थोडं धरलं तर साधारण दहाच्या आत बसतं. ध्वनी हवेत एका मीटरला जवळजवळ तीन मिलिसेकंद घेतो. स्टेजवर अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभा असलेला वादक तेवढाच उशीर रोज सोसतो आणि त्याला कळतही नाही. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर नीट बसवलेला नसेल तर मात्र उशीर असह्य होतो.

उरलेले पैसे हेडफोनवर किंवा दोन सपाट आवाजाच्या स्पीकरवर. शंभर अ‍ॅम्पची मॉडेल्स विकत घेऊन फोनबरोबर आलेल्या इअरफोनवर ऐकणारे पाहिले की वाईट वाटतं.

आपल्या घरांतला अर्थिंगचा प्रश्नही इथलाच. जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनच्या मागे कित्येकदा काहीच नसतं. गिटारच्या तारा वायरवाटे अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल तर बोटांना मुंग्या येतात, आणि त्याच वेळी ओठ माइकला लागला तर चांगलाच झटका बसतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या आत तीनशे-चारशे व्होल्ट खेळतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ साठून राहतात. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० वर थेट लावला की तो गेलाच. लॅपटॉपवाल्याला यातलं बरंचसं चुकतं. चार्जरची घरघर आली तर चार्जर काढून बॅटरीवर वाजवावं.

मग व्हॉल्व्ह अ‍ॅम्प कुणी घ्यावा? ज्याला आठवड्यातून निदान एकदा तो त्याच्या जवारीच्या जागेपर्यंत उघडता येतो त्याने. आणि वीस वॅटच्या वर जाऊ नये. व्हॉल्व्ह आता जगात मोजक्याच ठिकाणी बनतात. २०२२ साली रशियातून येणारा पुरवठा अडला तेव्हा भाव कसे वर गेले हे दुरुस्ती करणाऱ्यांना विचारा.

रोजच्या सरावाला नक्कल चालते का, हा प्रश्न गायकांनी केव्हाच सोडवला आहे. रोज पहाटेचा रियाज इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर किंवा फोनवरच्या अ‍ॅपवर होतो. मैफलीत मागे मिरजेचे दोन तंबोरे असतात, कार्यक्रमाआधी त्यांची जवारी जुळवायला अर्धा तास जातो. त्या गायकाचा पहाटेचा सा खोटा होता असं कुणी म्हणत नाही. सा लागला की नाही एवढंच पाहतात.

संगणकाच्या बाबतीत मला खरी भीती वेगळीच आहे. लाकडी अ‍ॅम्प एक असतो. त्याच्यापाशी बसावं लागतं, त्याचा काठ कुठे आहे ते हाताला शिकावं लागतं. लॅपटॉपवर पाचशे अ‍ॅम्प असतात आणि संध्याकाळचा तास ते चाळण्यात जातो. मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना एक अट घालतो : एक अ‍ॅम्प, एक स्पीकरची फाइल, सहा महिने. बाकी सगळं पुसून टाकायचं. पहिले दोन आठवडे ती कुरकुरतात. महिन्याभराने गिटारच्या नॉबकडे वळण्याआधीच त्यांचा उजवा हात हलका होऊ लागतो.

माझा चाळीस वॅटचा अ‍ॅम्प आता एका मित्राच्या जॅम रूममध्ये असतो, रस्त्यापासून आत, शेजारी फक्त गोदाम. रविवारी गेलो की आधी त्याचा खटका दाबतो. व्हॉल्व्हच्या रेडिओसारखा तो थोडा वेळ गप्प राहतो, काचेत नारिंगी तार उजळते, आठवडाभर साचलेली धूळ तापल्याचा वास येतो. मग नॉब पाचवर. घरी आठवडाभर हेडफोनवर घोटलेली जागा तिथे पहिल्यांदा हवेत येते, आणि कधी कधी शेवटचा पंचम मी बोट उचलेपर्यंत विझत नाही.